पाठीवर दहा बोटं

शाळेत असताना मी बास्केटबॉल खेळायचे, हे आमच्या घरात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक माणसाला मी सांगितलेलं आहे. गॅसचं सिलिंडर घेऊन येणाऱ्यालासुद्धा. सांगताना थोडी भर घालते, ते वेगळं. माझी उंची दर सांगण्यात अर्ध्या बोटानं वाढते. खरी उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. चेंडू माझ्या हातून जाळीत गेल्याचा प्रसंग मला दोनदाच आठवतो, आणि त्यातली एक जाळी आमचीच होती.

मग संघात घेतलं कशाला? लागायला. मी खेळायचे कमी आणि लागायचे जास्त. समोरच्या मुलीच्या बरगडीत कोपर अशा बेतानं घालायचं की तिला कळावं, पंचाला कळू नये. ती उडी मारणार म्हटलं की तिच्या बुटावर हळूच बूट ठेवायचा. वेणी सुटून मागे उडत असली तर ती हाताला लागायचीच, त्यात माझा काय दोष? पंचांनी विचारलं की मी डोळे एवढे मोठे करायचे की त्यांनाच वाईट वाटायचं.

आणि एक विद्या खास आमच्या माहेरची. वडिलांची तापीकाठी केळीची बाग होती. केळीच्या पानाचा दांडा कापला की त्यातून चीक गळतो, पाण्यासारखा, बिनरंगाचा. तो तळहाताला चोळला की हात चिकट होतो आणि घामेजल्या हातातूनही चेंडू सुटत नाही. दांड्याचा तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून मी दप्तरात न्यायचे. बाकीच्या मुलींना वाटायचं डबा आहे.

दुसऱ्या शाळेत एक उंच मुलगी होती. ती चेंडू घेऊन निघाली की भोवतीचा गोंगाट बंद व्हायचा, इतकं तिचं धावणं बघत राहावंसं वाटायचं. एका सामन्यात ती हवेत असताना मी तिला पाठीमागून दोन्ही हातांनी ढकललं. ती गुडघ्यांवर आपटली. शिट्टी वाजली नाही. त्यानंतर ती मैदानावर कधी आली नाही. हा किस्सा मी लग्नांच्या पंगतीत सांगत आले, "अशी घाबरवली की पुन्हा दिसली नाही!" असा शेवट करून. लोक हसायचे. मी जिलबी घ्यायचे.

आता माझी नात अकरावीत आहे आणि शाळेच्या संघात आहे. उंची आजोबांवर गेली, देवाची कृपा. गेल्या हिवाळ्यात ती एक दिवस तोंड पाडून आली. जिल्ह्याच्या स्पर्धेत त्यांची गाठ पडणार होती ती नेहमीच्या वैरी शाळेशी, आणि त्या शाळेत एक नवी मुलगी आली होती. डोईफोडिया गावची. इथे बुऱ्हाणपुरात, सिंधीपुऱ्यात मावशीकडे राहून शिकणारी.

"आजी, ती थांबतच नाही गं. मतलब, तू तिला अडवायला गेलीस ना की ती तिथे नसतेच. चेंडूपण माझ्या हातून सुटतो."

"सुटतो का? बघू हात."

आमच्या बुधवाऱ्यातल्या घरामागे मोरीच्या पाण्यावर दोन केळी वाढल्या आहेत. मी विळी घेतली, दांडा कापला आणि तिच्या तळव्यांवर चीक चोळला. मग कोपराचा धडा झाला. मग बुटाचा. समोरची मुलगी म्हणून मी धुण्याचा दगड उभा केला होता. सून मागच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, तिला खेळ शिकवताय की मारामारी?"

"दोन्ही एकच असतं. तू खेळली नाहीस, तुला नाही कळायचं."

"मी खेळले नाही म्हणून माझे गुडघे शाबूत आहेत," असं म्हणून ती आत गेली.

सामन्याला मी हट्टानं गेले. सिमेंटच्या मैदानाच्या कडेला प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसले, मांडीवर शेंगदाण्यांची पुडी. आमच्या मुलींचे बनियन पिवळे, त्यांचे पांढरे. डोईफोडियाची मुलगी मी पहिल्या मिनिटातच ओळखली. बारीक, सावळी, केस तेल लावून घट्ट बांधलेले, आणि पाय असे की जमिनीला उगीच उपकार म्हणून लागतात. माझी नात तिच्या मागे धावून धावून लाल झाली होती. शेवटच्या विश्रांतीत नातीनं पिशवीतून फडकं काढलं, दांड्याचा तुकडा मोडला आणि हातांना चीक चोळला. माझ्याकडे बघून डोळा मारला. मीही मारला.

एका गुणाचा फरक, आम्ही पुढे. ती मुलगी चेंडू घेऊन आली, दोघींना चुकवून जाळीखाली उडाली, आणि माझ्या नातीनं मागून येऊन तिच्या पाठीवर दोन्ही हात टेकवले. टेकवले कसले, ढकललं. मी सरळ रेषेत बसले होते, मला सगळं दिसलं. पंच पलीकडच्या बाजूला होते, त्यांना फक्त पडणं दिसलं.

आता जे लिहिते त्याची लाज वाटते, पण लिहिते. मी टाळी वाजवली. शेंगदाणे सांडले.

मुलगी घोटा धरून बसली. "सर, धक्का!" असं त्यांच्या मुली ओरडल्या. पंचांनी माझ्या नातीला विचारलं. तिनं डोळे एवढे मोठे केले. "मी हातपण नाही लावला, सर." पंच म्हणाले, पाय घसरला असेल. सामना संपला, आम्ही जिंकलो. आमच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडून नाचत होत्या. त्यांच्या मुली चिडून पंचांच्या मागे गेल्या होत्या. जाळीच्या खांबाला टेकून ती एकटी बसली होती, एक बूट पायात, एक हातात. मी रिक्षा बघायला निघाले.

रिक्षात मीच बोलत होते. "अगं, मी तर याच्यापेक्षा जोरात ढकललं होतं."

"आजी, बस ना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं पिवळा बनियन माझ्यापुढे धरला. दोन्ही बाजूंना, जिथे नातीनं हात पुसले होते तिथे, काळपट फराटे.

"आई, हा चीक आहे. हा आता जन्मात निघणार नाही."

मी बघत राहिले. केळीच्या घरात जन्म घेतला, चिकाचे डाग पडलेलं परकर-पोलकं घालून लहानाची मोठी झाले, आणि हे विसरले! चीक ओला असताना दिसत नाही. वाळला की काळा पडतो, आणि मग साबण घाला, लिंबू घाला, नाही तर नवस बोला. आमच्या वेळी दोन्ही शाळांचे कपडे गडद निळे होते. कुणाच्या पाठीवर काय उमटलं ते कुणाला दिसलंच नाही. म्हणून तर मी एवढी हुशार ठरले होते.

नात दात घासता घासता थांबली. तिच्याही डोक्यात तेच आलं होतं.

"आजी. तिचा तर पांढरा होता."

"हो."

"मग तिच्या पाठीवर…"

"दहा बोटं," मी म्हटलं.

त्या दिवशी आम्ही दोघी चोरांसारख्या वागलो. मी बेत आखत होते: सिंधीपुऱ्यात ओळख कोणाची, तो बनियन धुवायच्या निमित्तानं आणता येईल का, आणून फाडला तर नवा घेऊन देता येईल का. सून ऐकून म्हणाली, "आई, तुमचं वय काय!" संध्याकाळी नात शिकवणीहून आली ती रडतच. त्या दोघींची शिकवणी एकच. मुलगी आली नव्हती, पण तिची मैत्रीण आली होती. ती सांगत होती, मुलीचे वडील रविवारी येणार आहेत तिला डोईफोडियाला परत न्यायला. शाळा बंद नाही, परीक्षा घरून देईल, पण बुऱ्हाणपुरात राहणं बंद, खेळणं बंद.

"माझ्यामुळे, आजी."

"अगं, घोटा मुरगळला म्हणून कोणी…"

"तुझी ती उंच मुलगी का नाही आली परत?"

इतकी वर्षं मी तो किस्सा सांगत आले, पण कोणी मला हा प्रश्न विचारला नव्हता. मी तरी कुठे विचारला होता? ती घाबरली हे मीच ठरवलं होतं, कारण त्यात मी शूर दिसत होते. तिलाही कोणी बैलगाडीत बसवून घरी नेलं असेल, हे माझ्या मनात सत्तरीला टेकेपर्यंत आलं नव्हतं.

"रविवारी किती वाजता येणार ते?" मी विचारलं.

रविवारी सकाळी आम्ही दोघी निघालो. हातात अर्धा किलो दराबा, कारण गोड हातात असलं की माणूस दारातून परत पाठवत नाही. सिंधीपुऱ्यात घर सापडलं. मावशीनं दार उघडलं. पुढच्या खोलीत एक गृहस्थ बसून चहा पीत होते, पांढरं धोतर, खांद्यावर पंचा, हातांच्या बोटांवर चिकाचे जुने काळे डाग. म्हणजे केळीवालेच. या माणसाला डाग काय आहे ते कोणी सांगायची गरजच नव्हती. मुलगी बाजूला खाटेवर, पायाला पट्टी, शेजारी भरलेली पिशवी.

मी माझ्या नेहमीच्या आवाजात सुरू केलं. "आम्ही सहज आलो, भाऊ. म्हटलं, पोरीला लागलं, विचारपूस करावी. सिमेंट फार गुळगुळीत आहे हो तिथलं, कोणीही घसरेल…"

"मी ढकललं हिला," नात म्हणाली.

तिनं खाली बघून, एका दमात सांगितलं. मी तोंड उघडं ठेवून बसले. मला वाटलं होतं, निदान चहा तरी होईल.

वडिलांनी कप खाली ठेवला आणि आपल्या मुलीकडे बघितलं. "तू त म्हणाली होती, पाय घसरला."

मुलीनं माझ्या नातीकडे अशी नजर टाकली की खाऊन टाकेल. "घसरलाच होता, बाबा!"

"अन् मंग बनियनवर काय आहे?" त्यांनी मावशीकडे हात केला. मावशीनं आतून बनियन आणला. पांढऱ्या पाठीवर दोन पंजे, स्वच्छ, काळे, अंगठेसुद्धा मोजावेत असे. "मी आल्या आल्या पाह्यलं. चीक ओळखता येत नाही का मले? मी पोरीले विचारलं, हे काय? त म्हणे, बाबा, खांबाले टेकून बसली होती, तिथं काही असंन. खांबाले बोटं असतात का?"

आता मला कळलं. मुलीनं खोटं सांगितलं होतं ते खेळ वाचवायला. घसरले म्हटलं तर बाबा चार दिवसांनी विसरतील, धक्के मारतात म्हटलं तर कधीच पाठवणार नाहीत. आणि आम्ही दराबा घेऊन येऊन तिचं झाकलेलं उघडं केलं होतं.

"झालं," ती नातीला म्हणाली. "खूश? बाबांना जवळजवळ मनवलं होतं मी, आता नेतीलच मला."

"मला वाटलं… मतलब, मी सॉरी म्हणायला…"

"फोनवर नाही म्हणता आलं? मला एकटीला?"

वडील उठले. "चाल. बस आहे बाराची. अशा राक्षसिणींत नाही ठेवायची माही पोरगी."

तेव्हा मी बोलले, आणि आयुष्यात पहिल्यांदा या विषयावर काही न वाढवता बोलले. "राक्षसीण मी आहे, भाऊ. चीक मी लावला, ढकलायचं मी शिकवलं. मी हिच्या वयात एका मुलीला असंच पाडलं, आणि ती पुन्हा खेळायला आली नाही. मी तिला उचललं नाही, तिच्या घरी गेले नाही, तिचं नावगाव विचारलं नाही. उलट लोकांना हसवत राहिले त्यावर. तुमच्या मुलीला नेलंत तर माझ्या खात्यावर दोन होतील. तेवढं करू नका."

मावशी दारात पदर धरून उभी. खाटेवरून आवाज आला, "बाबा, मीपण हिच्या पायावर पाय दिला होता. तीनदा."

नात फिरली. "दोनदा."

"तीनदा. तिसऱ्यांदा तू पडली नाहीस, म्हणून तुला कळलं नाही."

"तरीच माझं नख काळं झालंय!"

"आणि कोपर कोणाचं होतं? माझ्या बरगडीत बघ अजून…"

"ते आजीनं शिकवलंय."

"भारी आहे. कसं घालतात? सरांना दिसतच नाही."

नात दाखवायला उठलीसुद्धा. मी तिचा हात धरून खाली बसवली. वडील एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. मग आपल्या मुलीला म्हणाले, "तू लोकायच्या पायावर पाय देती?"

ती पायाची पट्टी नीट करायला लागली. त्यांच्या मिशीत काहीतरी हललं, पण हसू म्हणावं इतकं नाही. ते पुन्हा खाटेच्या कडेला बसले.

"आजी," ते मला म्हणाले, "पडण्याचं मले काही नाही. घड उतरवताना माणूस पडते, बांधावरून पडते. पण पडला की दोघं-तिघं धावतात, काम सोडून धावतात. मावशी येईपर्यंत ही अर्धा घंटा बसून होती. तिच्या शाळेचे नाहीत, तुमच्या शाळेचे नाहीत, कोणीच नाही. मी तिकडं बारा-पंधरा कोसांवर. मी म्हटलं, ज्या गावात पोरगी पडली त कोणी पाहत नाही, तिथं कशाले ठेवू?"

मी त्या मैदानावर होते. मी रिक्षा बघायला गेले होते. ते मी त्यांना सांगितलं. सांगताना माझी नात माझ्याकडे बघत नव्हती, हे बरं.

"मी बघेन," नात म्हणाली. "शिकवणीला मी हिला घेऊन जाईन. स्कूटीवर. पाय बरा होईपर्यंत."

"अन् बरा झाल्यावर?"

"बरा झाल्यावर ती स्वतःच येईल, मी कशाला…" मग तिच्या लक्षात आलं. "बरा झाल्यावरपण."

मुलगी म्हणाली, "मी तुझ्या स्कूटीवर नाही बसणार. तू चालवतेस कशी ते बघितलंय मी."

वडिलांनी त्या दिवशी हो म्हटलं नाही. दराबा मात्र खाल्ला, दोनदा घेतला. बाराची बस गेली, दोनची आली. जाताना त्यांनी भरलेली पिशवी उचलली, जरा वेळ हातात धरली आणि मावशीकडे दिली. "परत सामना कधी आहे?" त्यांनी विचारलं. महिन्यानं आहे म्हटल्यावर म्हणाले, "मी येतो. डोळ्यानं पाहतो काय खेळ आहे. मंग ठरवू."

तो महिना मुलगी रोज आमच्या दारावरून स्कूटीवर मागे बसून, डोळे मिटून गेली. भांडणं रोज ऐकू यायची. केळीच्या दांड्याला मी हात लावला नाही. सुनेनं विळीच लपवली होती, हेही खरं.

सामन्याच्या दिवशी वडील पहिल्या बसनं आले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. "तुमच्यावर नजर ठेवाले," म्हणाले. मी शेंगदाण्यांची पुडी पुढे केली. सुरुवातीला त्यांना काही कळत नव्हतं. चेंडू आपटत का न्यायचा, हातात घेऊन पळत का नाही, असं विचारत होते. पण मुलीच्या हातात चेंडू आला आणि ती निघाली, तसे ते बोलायचे थांबले. पुडीतला हात पुडीतच राहिला. त्यांनी तिला अशी धावताना कधी पाहिलंच नव्हतं. ती दोघींना चुकवून गेली, उडाली, आणि चेंडू जाळीतून पडला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. जणू मीच ते केलं होतं.

"हे रोज करते?"

"रोज."

उत्तरार्धात माझी नात चेंडू घेऊन तिच्या अंगावरून निघाली. पंचांची पाठ होती. डोईफोडियाच्या मुलीनं एक कोपर दिलं. सुंदर दिलं, अगदी आमच्या मोरीजवळच्या धड्यासारखं. नात कोलमडली. शिट्टी नाही. त्या मुलीची शाळा टाळ्या वाजवायला लागली आणि माझ्या शेजारची खुर्ची मागे पडली.

"ओ सर!" वडील उभे राहून ओरडत होते, पंचा हवेत. "ओ सर! माह्या पोरीनं मारलं ना तिले! मी पाह्यलं! डोळे कुठं आहेत तुमचे?"

सगळं मैदान वळून बघायला लागलं. पंच गोंधळले. मुलीचा चेहरा बघण्यासारखा झाला. "बाबा, बसा ना! बाबा!" म्हणत ती नातीचा हात धरून तिला ओढून उभी करत होती. नात इतकी हसत होती की तिला उठताच येईना.

"भाऊ, बसा," मी त्यांचा पंचा ओढला. "तुमचीच पोरगी हरेल."

"हरू द्या," ते म्हणाले, "पुढच्या खेपेले जिंकंन," आणि बसायला गेले तर खुर्ची नव्हती.